स्पोर्ट्‌स कारचे सस्पेन्शन: कंपनीचे घ्यावे की बाहेरचे?

स्पोर्ट्‌स कारचे सस्पेन्शन सुधारायचे ठरवले की दोन वाटा समोर येतात. एक वाट गाडी बनवणाऱ्या कंपनीचीच असते: गाडी नोंदवतानाच निवडलेले स्पोर्ट सस्पेन्शन, इलेक्ट्रॉनिक डॅम्पर (गाडीचे डोलणे आवरणारे, विजेने जोर बदलता येणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर), किंवा नंतर कंपनीच्या कार्यशाळेत बसवून मिळणारा संच. दुसरी वाट म्हणजे स्वतंत्र उत्पादकांचे स्प्रिंग, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि डॅम्पर यांचा उंची बदलता येणारा एकत्रित संच) आणि गाडीचे कलणे रोखणारे अँटी-रोल बार, ज्यांना सरसकट आफ्टरमार्केट म्हटले जाते. या दोहोंमधला फरक दर्जाचा आहे असे बहुतेकांना वाटते. कोणी कंपनीचे तेवढेच अस्सल मानतो, तर कोणाला कंपनीचा प्रत्येक भाग काटकसरीने बनवलेला दिसतो. प्रत्यक्षात भाग बनवणारे बरेचदा तेच असतात. माझदा एमएक्स-५ च्या काही आवृत्त्यांमध्ये कारखान्यातूनच बिल्स्टाइनचे डॅम्पर येतात, २०२४ च्या टोयोटा जीआर८६ च्या परफॉर्मन्स पॅकेजमध्ये झाक्सचे डॅम्पर होते, तर तिची जुळी बहीण असलेल्या सुबारू बीआरझेडच्या टीएस आवृत्तीत हिताचीचे. २०१४ च्या शेव्हरोले कमॅरो झेड/२८ ला तर मल्टिमॅटिकचे स्पूल व्हॉल्व्हचे डॅम्पर दिले होते, जे त्याआधी प्रामुख्याने शर्यतींच्या गाड्यांत दिसत.

खरा फरक जुळणीचा आहे. कंपनी पूर्ण झालेली जुळणी विकते: स्प्रिंग, डॅम्पर, बम्प स्टॉप (चाकाचा वरचा प्रवास अखेरीस थांबवणारा ठोकळा), बुश (सांध्यांमधले रबरी तुकडे), टायर आणि स्थैर्य राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा यांचा मेळ चाचणी मार्गावर महिनोन्‌महिने घालून झालेला असतो आणि तो तुम्हाला आहे तसाच घ्यावा लागतो. आफ्टरमार्केट उत्पादक जुळवून घेण्याची मुभा विकतो, आणि त्या मुभेसोबत जुळवण्याचे कामही येते. म्हणून ‘कोणते चांगले?’ असे विचारण्याऐवजी ‘जुळवण्याचे उरलेले काम कोण करणार आहे?’ असे विचारले, तर निवड पुष्कळ सोपी होते.

आधी तक्रार लिहून काढा

कोणताही भाग पाहण्याआधी सध्याच्या गाडीविषयीची तक्रार एका वाक्यात कागदावर उतरवावी. ‘हाताळणी सुधारायची आहे’ हे वाक्य कामाचे नाही. ‘ब्रेक मारल्यावर नाक फार खाली जाते’, ‘वळणात गाडी कलायला लागते आणि स्थिरावायला वेळ घेते’, ‘वळणाच्या मधोमध पुढची चाके बाहेर सरकतात’, ‘वेगात लांब उंचवट्यावरून गेल्यावर गाडी दोनतीनदा डोलते’, ‘छोट्या कडेवरून जाताना धक्का थेट पाठीला बसतो’ ही सारी वेगवेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत. डोलणे हे बहुधा डॅम्परचे लक्षण असते, कलण्याचा संबंध स्प्रिंग आणि अँटी-रोल बारशी असतो, तर पुढची चाके बाहेर सरकण्यावर अनेकदा थोडा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा माथा आतल्या बाजूला झुकवणे) एवढाच उपाय पुरतो. गाडी नुसती दिसायला खाली हवी असेल, तर तेही प्रामाणिकपणे लिहावे. त्यात गैर काही नाही. मात्र त्या हेतूसाठी महागडा ट्रॅकचा संच घेण्यात अर्थ नसतो.

दुसरी नोंद वापराची. वर्षातले किती दिवस गाडी रोजच्या रस्त्यावर जाते, किती दिवस घाटात आणि किती दिवस ट्रॅकवर, याचा हिशेब आठवणीवर न सोडता मांडून पाहावा. वर्षातून दोनदा ट्रॅकवर जाणारा मालक सस्पेन्शन निवडताना मात्र त्या दोनच दिवसांचा विचार करतो आणि उरलेले तीनशेहून अधिक दिवस त्या निवडीवर बसून काढतो, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की ही नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

यानंतर गाडीची मूळ स्थिती तपासावी. टायरचा दर्जा, वय आणि हवेचा दाब, बुशना पडलेल्या भेगा, बॉल जॉइंटची ढिलाई, डॅम्परमधून झिरपणारे तेल आणि चाकांचे अलाइनमेंट एवढे पाहिल्याशिवाय सस्पेन्शन बदलण्याचा निर्णय घेऊ नये. रस्त्याला फक्त टायर चिकटतो; सस्पेन्शनचे काम त्या टायरला रस्त्याशी नीट टेकवून ठेवण्याचे. साध्या टायरवरून चांगल्या स्पोर्ट टायरवर गेल्याने होणारा फरक अनेकदा सस्पेन्शनच्या फरकाहून मोठा असतो. शिवाय थकलेल्या डॅम्परच्या गाडीत कोणताही नवा संच बसवला तरी तो अप्रतिमच वाटतो. ती तुलना आफ्टरमार्केट आणि कंपनी यांच्यातली नसून नवे आणि जुने यांच्यातली असते, आणि तिच्यावरून काढलेले निष्कर्ष इतरांना सांगितले जातात तेव्हा गैरसमज पसरतात.

थोडे गणित, पण उपयोगाचे

जाहिरातीत स्प्रिंग ‘तीस टक्के अधिक कडक’ असल्याचे वाचून काहीच कळत नाही. कडकपणाचा अर्थ गाडीच्या वजनाशी जोडल्यावरच लागतो, आणि त्यासाठी अभियंते स्प्रिंगवर डोलणाऱ्या गाडीची नैसर्गिक वारंवारता पाहतात. समजा, एका कोपऱ्यावर स्प्रिंगने पेललेले वजन ३५० किलो आहे आणि चाकाच्या जागी मोजलेला कडकपणा दर मिलिमीटरला ३० न्यूटन आहे, तर ही वारंवारता सुमारे १.४७ हर्ट्‌झ येते. कडकपणा ५० न्यूटन केला की ती सुमारे १.९ हर्ट्‌झ होते. ढोबळमानाने प्रवासी गाड्या १ ते १.५ हर्ट्‌झच्या दरम्यान, रस्त्यावरच्या स्पोर्ट्‌स कार १.५ ते २ च्या आसपास आणि शर्यतीच्या गाड्या २ च्या पुढे असतात. रोज चालवायच्या गाडीला २ च्या बऱ्याच पुढे नेणारा संच कोणी सुचवत असेल, तर तो कोणत्या रस्त्यासाठी सुचवतो आहे, हे विचारायला हवे.

इथे ‘चाकाच्या जागी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. डबल विशबोनच्या, म्हणजे चाक वर-खाली दोन आर्मनी धरणाऱ्या रचनेत स्प्रिंग आर्मच्या मध्ये कुठेतरी बसलेली असते, त्यामुळे चाक १ मिलिमीटर वर गेले तर स्प्रिंग कदाचित ०.७ मिलिमीटरच दबते. या प्रमाणाचा वर्ग घ्यावा लागतो, म्हणजे ६० न्यूटनची स्प्रिंग चाकाला जेमतेम २९ न्यूटनची जाणवते. स्प्रिंग आणि डॅम्पर एकाच उभ्या खांबात असलेल्या मॅकफर्सन स्ट्रटमध्ये हे प्रमाण १ च्या जवळ असते. म्हणूनच दुसऱ्या गाडीच्या मालकाने सांगितलेला स्प्रिंग रेट आपल्या गाडीला लावणे व्यर्थ आहे.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते, जी विकणारे सहसा सांगत नाहीत. स्प्रिंग कडक केली की तिचे डोलणे आवरायला डॅम्परचा जोरही वाढावा लागतो. वरच्या उदाहरणात स्प्रिंग ३० वरून ५० न्यूटनवर नेली आणि मूळ डॅम्पर तसाच ठेवला, तर डॅम्पिंगचे प्रमाण सुमारे २२ टक्क्यांनी घटते. गाडी कडकही होते आणि उसळतेही. नुसत्या लोअरिंग स्प्रिंग बसवलेल्या गाड्या सरळ रस्त्यावर टणक आणि उंचवट्यावर उनाड का वाटतात, याचे उत्तर इथे आहे.

कंपनीचा पर्याय काय देतो, काय देत नाही

कंपनीच्या संचाची सर्वांत मोठी जमेची बाजू डोळ्यांना दिसत नाही. गाडीतले स्थैर्य नियंत्रण, एबीएस, स्टिअरिंगला मिळणारे इलेक्ट्रिक साहाय्य आणि दिव्यांची उंची सांभाळणारे सेन्सर हे सगळे एका ठरावीक उंचीच्या आणि ठरावीक कडकपणाच्या गाडीला गृहीत धरून जुळवलेले असतात. कंपनी वेगळे सस्पेन्शन देते तेव्हा त्यानुसार ही गृहीतकेही बदलते. शिवाय थंडी, उष्णता, मीठ, चिखल आणि पूर्ण भरलेली गाडी यांत तो संच टिकला पाहिजे, ही अट तिने स्वतःवर घातलेली असते, आणि वॉरंटीचा प्रश्नही एकाच दारात सुटतो.

इलेक्ट्रॉनिक डॅम्परच्या बाबतीत कंपनीची बाजू विशेष भक्कम आहे. चुंबकीय द्रव वापरणारे मॅग्नेराइड तंत्रज्ञान डेल्फायने विकसित केले आणि ते प्रथम २००२ च्या कॅडिलॅक सेव्हिल एसटीएसमध्ये आले. पुढे ते कॉर्व्हेटपासून फेरारीपर्यंत पोहोचले. त्या द्रवात लोखंडाचे सूक्ष्म कण असतात, वीजप्रवाह बदलला की ते साखळीसारखे जुळतात आणि द्रवाचा प्रवाह अडवतात, त्यामुळे डॅम्परचा जोर सेकंदाला १,००० वेळांपर्यंत बदलता येतो. अशी यंत्रणा एकाच गाडीला सकाळी कामावर जाण्याजोगी आणि दुपारी ट्रॅकवर नेण्याजोगी ठेवते. ठरावीक व्हॉल्व्हचा यांत्रिक डॅम्पर, मग तो कितीही महाग असो, हे दोन्ही एकाच दिवशी करू शकत नाही. मात्र ही यंत्रणा गाडी विकत घेतानाच निवडायची असते. नंतर बसवायची म्हटली तर सेन्सर, तारा, नियंत्रक आणि त्याचे प्रोग्रॅमिंग असे सगळेच आणावे लागते, आणि बहुतेक वेळा तो उद्योग परवडत नाही. तेव्हा नवी गाडी नोंदवत असाल आणि मन डळमळीत असेल, तर इलेक्ट्रॉनिक डॅम्परचा पर्याय घेऊन ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

उणिवाही आहेत. कंपनी सर्वांसाठी बनवते, म्हणून ती हात राखून बनवते. पोर्शच्या ७१८ वर्गातल्या गाड्या पाहाव्यात: तिथे पीएएसएम (पोर्शचे इलेक्ट्रॉनिक डॅम्पर) घेतल्यास गाडी १० मिलिमीटर आणि पीएएसएम स्पोर्ट घेतल्यास २० मिलिमीटर खाली येत असे, त्याहून अधिक नाही. बहुतेक गाड्यांत पुढचा कॅम्बर फारसा बदलता येत नाही, उंची बदलता येत नाही, डॅम्पर खोलून दुरुस्त करता येत नाही. तो निकामी झाला की अख्खाच बदलावा लागतो, आणि इलेक्ट्रॉनिक डॅम्पर असेल तर वॉरंटी संपल्यानंतरचे बिल बघून बऱ्याच मालकांना आफ्टरमार्केटची प्रथमच आठवण होते.

या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रकार आहे, जो दुर्लक्षित राहतो. फोर्ड परफॉर्मन्स, बीएमडब्ल्यूचा एम परफॉर्मन्स विभाग, टोयोटाचे टीआरडी, निस्सानचे निस्मो यांसारखे विभाग कंपनीच्या छत्राखालीच स्प्रिंग, डॅम्पर आणि अँटी-रोल बारचे जुळवलेले संच विकतात. मुभा थोडी कमी, जोखीमही कमी. आपल्या गाडीसाठी असा संच आहे का, हे सर्वांत आधी पाहून घ्यावे, आणि तो कंपनीच्या कार्यशाळेत बसवल्यास वॉरंटीवर काय परिणाम होतो, ते लेखी विचारावे.

बाहेरच्या बाजारातल्या पायऱ्या

आफ्टरमार्केट हा एकच पर्याय नाही, त्याच्या पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर थांबता येते.

पहिली पायरी नुसत्या स्प्रिंगची. ती स्वस्त आहे आणि माझ्या मते सर्वांत फसवीही आहे. कारण वर मांडले आहेच. गाडी १५ ते २० मिलिमीटरच खाली आणणारी आणि मूळ डॅम्पर सुस्थितीत असलेली जोडी चालून जाते. त्यापुढे डॅम्परही बदलावे.

दुसरी पायरी जुळवलेल्या स्प्रिंग आणि डॅम्परची. रस्त्यावर चालणाऱ्या बहुतेक स्पोर्ट्‌स कारसाठी ही पायरी पुरेशी आहे, आणि मालक तीच ओलांडून पुढे धावतात, ही खेदाची गोष्ट आहे. उत्पादकांच्या नावांचे संकेत समजले की इथली निवड सोपी होते. बिल्स्टाइनचा बी४ हा मूळ डॅम्परच्या जागी बसणारा साधा पर्याय. बी६ मूळ उंचीसाठीचा अधिक जोरकस डॅम्पर. बी८ त्याचाच आखूड भाऊ, खाली आणलेल्या गाडीसाठी. आणि बी१२ म्हणजे बी८ आणि आयबाखच्या स्प्रिंग एकत्र. बी६ ची वाट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे: उंची आणि स्प्रिंग मूळच्याच ठेवून फक्त डॅम्पर सुधारला, की भूमिती बिघडत नाही, जमिनीपासूनचे अंतर घटत नाही आणि डोलणे मात्र आवरते. गाडीचा चेहरा बदलत नसल्याने हा पर्याय कुणाला मिरवता येत नाही, एवढाच त्याचा दोष.

तिसरी पायरी कॉइलओव्हरची. इथे उंची बदलता येते आणि किमतीनुसार डॅम्पिंगही. केडब्ल्यूच्या श्रेणीत हे स्पष्ट दिसते: व्हेरिएंट १ मध्ये फक्त उंची, व्हेरिएंट २ मध्ये उंची आणि रिबाउंड (दबलेली स्प्रिंग परत ताणली जातानाचे डॅम्पिंग), व्हेरिएंट ३ मध्ये उंची, रिबाउंड आणि कम्प्रेशन (स्प्रिंग दबतानाचे डॅम्पिंग) तिन्ही. ओलिन्सच्या रोड अँड ट्रॅक संचात डॅम्पिंग बदलणारी एकच फिरकी आहे आणि मोठ्या धक्क्यांसाठी वेगळी वाट देणारा व्हॉल्व्ह आत बसवलेला आहे. जितक्या फिरक्या अधिक तितका संच चांगला, असे नाही. दोन फिरक्या असलेल्या डॅम्परला पुढे-मागे धरून हजारो जोड्या संभवतात, आणि त्यातल्या बहुतांश मूळ गाडीहून वाईट असतात. टायरचे तापमान मोजणारा, वेळ नोंदवणारा, एका वेळी एकच बदल करणारा चालक या फिरक्यांचे सोने करतो. बाकीचे एकदा फिरवून पाहतात आणि विसरून जातात. त्यांनी उत्पादकानेच ठरवून दिलेल्या डॅम्पिंगचा संच घेतलेला बरा.

अँटी-रोल बार ही वेगळी पायरी आहे आणि ती कोणत्याही टप्प्यावर चढता येते. भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून २२ मिलिमीटरच्या जागी २४ मिलिमीटरचा बार बसवला तर तो सुमारे ४२ टक्के अधिक कडक होतो. दोन मिलिमीटरचा फरक किरकोळ समजू नये. पुढचा बार कडक केला की पुढची चाके लवकर बाहेर सरकू लागतात, मागचा केला की मागचा भाग सैल होतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या ताकदवान गाडीत मागचा बार कडक करण्याआधी दोनदा विचार करावा, विशेषतः ओल्या रस्त्याचा.

बुश बदलण्याची पायरी मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. रबराच्या जागी पॉलियुरेथेन किंवा गोलाकार धातूचे सांधे बसवल्याने स्टिअरिंगला नेमकेपणा येतो, पण आवाज आणि कंप केबिनमध्ये शिरतात आणि ते पुन्हा बाहेर काढता येत नाहीत.

गाडी खाली आणल्यावर काय काय बिघडते

गाडी खाली आणणे म्हणजेच सस्पेन्शन सुधारणे, हा समज मोडायला हवा. गुरुत्वमध्य खाली येतो हे खरे. परंतु मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, त्याहून जास्त खाली जातो. या दोन बिंदूंमधले अंतरच गाडीला कलवणारी तरफ असते, त्यामुळे गाडी खाली गेली आणि कलण्याची ओढ मात्र वाढली, असा विपरीत प्रकार घडू शकतो. खालचा आर्म आडव्या रेषेच्या पलीकडे वर झुकला, तर चाक वर जाताना मिळणारा उपयुक्त कॅम्बर मिळेनासा होतो, आणि स्टिअरिंगला चाकांशी जोडणाऱ्या टाय रॉडचा कोन बिघडल्याने खड्ड्यावरून जाताना स्टिअरिंग स्वतःहून हलू लागते. यावर लांब बॉल जॉइंट आणि दुरुस्त टाय रॉड एंड असे उपाय आहेत. ३० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त खाली जायचे असेल तर त्यांचा खर्च आधीच हिशेबात धरावा.

दुसरी अडचण प्रवासाची, म्हणजे चाकाला वर जायला उरलेल्या जागेची. मूळ गाडीत बम्प स्टॉपला टेकण्याआधी चाकाला ६० मिलिमीटर जागा होती असे धरले, तर ३० मिलिमीटर खाली आणल्यावर निम्मीच उरते. मग वळणात कललेली गाडी मध्येच बम्प स्टॉपवर बसते, त्या कोपऱ्याचा कडकपणा एकदम वाढतो आणि पकड अचानक सुटते. चालकाला वाटते टायर घसरला. प्रत्यक्षात सस्पेन्शनच संपलेले असते. हे तपासण्याची साधी युक्ती म्हणजे डॅम्परच्या रॉडवर प्लॅस्टिकची झिप टाय सैलसर बांधावी, ती खाली डॅम्परच्या बॉडीपर्यंत सरकवून नेहमीच्या रस्त्यावर फेरी मारावी आणि ती कुठवर सरकली ते पाहावे. उलट्या बसवलेल्या स्ट्रटमध्ये रॉड आत झाकलेला असल्याने ही युक्ती चालत नाही.

तिसरी गोष्ट नव्या गाड्यांची. उंची बदलली की दिव्यांचा रोख, समोरचा कॅमेरा आणि रडार यांची गृहीतके हलतात. उंचीचे सेन्सर असलेल्या गाडीत ते पुन्हा कॅलिब्रेट करावे लागतात, आणि इलेक्ट्रॉनिक डॅम्परच्या जागी साधे डॅम्पर बसवल्यास डॅशबोर्डवर दोष दाखवणारा दिवा पेटू नये म्हणून वेगळा मॉड्यूल जोडावा लागतो किंवा कोडिंग करावे लागते. केवळ दिवा विझवणारा उपाय आणि गाडीच्या नियंत्रकाला खरी माहिती देणारा उपाय यांत फरक आहे, तो विक्रेत्याकडून समजून घ्यावा.

निवड कशी करावी

गाडी नवी, वॉरंटीतली आणि रोजच्या वापरातली असेल, तर कंपनीचा पर्याय किंवा कंपनीच्या विभागाचा संच हीच वाट धरावी; बाहेर पाहायचेच झाले तर चांगले टायर आणि परवानगीच्या मर्यादेतले जरा धीट अलाइनमेंट एवढ्यावर एक वर्ष काढून बघावे. गाडी वॉरंटीबाहेर गेली असेल आणि मूळ डॅम्पर थकले असतील, तर तसाही खर्च होणारच आहे, तेव्हा मूळ उंचीचे चांगले आफ्टरमार्केट डॅम्पर किंवा जुळवलेला संच हा सर्वांत समंजस व्यवहार ठरतो. ट्रॅकवर नियमित जाणाऱ्याला कॅम्बर आणि उंची दोन्ही बदलता यायला हवीत, टायरची बाहेरची कड झिजून जाऊ नये म्हणून तरी. त्याच्यासाठी खोलून दुरुस्त करता येणारे कॉइलओव्हर आणि वर कॅम्बर प्लेट ही वाट आहे, आणि तिथे कंपनीचा पर्याय सहसा अपुरा पडतो. गाडी इलेक्ट्रॉनिक डॅम्परची असेल आणि फक्त थोडी खाली हवी असेल, तर त्या डॅम्परसाठीच बनवलेल्या सौम्य स्प्रिंग घेऊन इलेक्ट्रॉनिक्स जपावे. संग्राह्य ठरू शकणाऱ्या मर्यादित आवृत्तीच्या गाडीला हात लावण्याआधी तिचे भविष्यातले मोल लक्षात घ्यावे.

संच ठरला की विक्रेत्याला काही प्रश्न विचारायचे. स्प्रिंग रेट पुढचा आणि मागचा किती? डॅम्परचा जोर आणि वेग दाखवणारा आलेख आहे का? कोणत्या उंचीच्या मर्यादेत तो चालवायचा? दुरुस्ती कुठे होते आणि एकच डॅम्पर बिघडला तर तो सुटा मिळतो का? गंज रोखण्यासाठी डॅम्परची बॉडी कशाची आहे? वरचा माउंट रबराचा आहे की धातूच्या सांध्याचा, कारण दुसऱ्यात खडखड येते? टीयूव्हीसारख्या तपासणी संस्थेचे प्रमाणपत्र सोबत आहे का, आणि गाडी जिथे नोंदलेली आहे तिथल्या नियमांत तो बदल बसतो का? यांतल्या स्प्रिंग रेटचेही उत्तर ज्याला देता येत नाही, त्याच्याकडून घेऊ नये. विम्याच्या कंपनीलाही बदल कळवावा. अपघातानंतर कळवण्यापेक्षा ते सोपे पडते.

बसवताना आणि त्यानंतर

चांगला संच वाईट बसवला तर तो वाईटच संच होतो. दबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाला ठार करण्याइतकी ऊर्जा असते, म्हणून योग्य स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारे अवजार) आणि अनुभव नसताना स्ट्रट खोलू नये. डॅम्परच्या रॉडचा नट इम्पॅक्ट रेंचने आवळू नये, कारण रॉड फिरून आतला पिस्टन आणि सील दुखावतात. कंपनीने एकदाच वापरायचे म्हणून सांगितलेले बोल्ट नवे घ्यावेत आणि टॉर्क रेंचनेच आवळावेत. सर्वांत जास्त होणारी चूक मात्र साधी आहे: रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लोंबकळत असतानाच पूर्ण आवळले जातात. गाडी खाली उतरली की ते बुश कायमचे पिळलेले राहतात, उंची चुकीची दिसते आणि काही महिन्यांत रबर फाटते. हे बोल्ट आधी सैल ठेवावेत आणि चाके जमिनीवर टेकून गाडीचे वजन त्यांच्यावर आल्यानंतर अखेरचे आवळावेत.

अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्यावे आणि काहीशे किलोमीटरनंतर स्प्रिंग बसल्यावर पुन्हा तपासावे. कॉइलओव्हर असतील तर चारही कोपऱ्यांची वजनेही तोलून घ्यावीत: चालकाच्या आसनावर चालकाइतके वजन, अँटी-रोल बारचे लिंक सोडलेले, टायरचा दाब नेमका, आणि कर्णरेषेतल्या दोन चाकांवरचे वजन एकूण वजनाच्या ५० टक्क्यांच्या शक्य तितके जवळ. फूटपट्टीने चारही कमानी सारख्या दिसल्या म्हणजे वजन सारखे वाटले गेले असे होत नाही.

डॅम्परच्या फिरक्या उत्पादकाने सुचवलेल्या जागी ठेवून सुरुवात करावी. क्लिक नेहमी पूर्ण बंद केलेल्या टोकापासून मोजावेत, कारण दुसरे टोक प्रत्येक डॅम्परमध्ये थोडे वेगळे असू शकते. नंतर एकच ओळखीचा रस्ता घेऊन, एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. गाडी उंचवट्यानंतर डोलत राहिली तर रिबाउंड वाढवावा. लागोपाठच्या लाटांवर ती हळूहळू खाली बसत गेली तर रिबाउंड जास्त झाला आहे असे समजून दोन क्लिक मागे यावे.

काढलेले मूळ भाग टाकून देऊ नयेत. ते स्वच्छ करून, प्रत्येकावर डावा-उजवा आणि पुढचा-मागचा अशी चिठ्ठी लावून, डॅम्पर उभे ठेवून कोरड्या जागी सांभाळावेत. वॉरंटीचा वाद, तपासणी किंवा गाडी विकण्याची वेळ आली की हीच खोकी प्रथम शोधली जातात.